गळ्यात अडकवायचा माईक: दीड वर्ष वापरल्यावर

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि असे माईक श्रवणयंत्रांच्या बऱ्याच कंपन्या बनवतात. माझ्या दोन्ही कानांचा श्रवणदोष 65 डेसिबलच्या आसपास, म्हणजे साधं बोलणंही मशीनशिवाय (श्रवणयंत्राशिवाय) नीट ऐकू येत नाही; सातव्या वर्षापासून मशीन. आता संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे.

वस्तू काडेपेटीएवढी. शिक्षकांनी गळ्यात घालायची, आवाज 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींवरून थेट आपल्या मशीनमध्ये येतो. फरक का पडतो, तर बोलणारा दुप्पट लांब गेला की त्याचा आवाज सहा डेसिबलने उतरतो, आणि डोक्यावरचा पंखा मात्र जागचा हलत नाही. मशीन कितीही हुशार असलं तरी तिसऱ्या बाकावर पंखाच जिंकतो. माईक तोंडापासून वीतभर असला की ही झुंजच होत नाही. पहिल्या दिवशी मला वाक्यांच्या शेवटचे ‘स’ आणि ‘श’ ऐकू आले. तोवर ते मी अंदाजाने भरत होते. ओठांवर भिस्त ठेवावी, तर पान, बाण आणि मान तिथे एकसारखेच दिसतात. दिवसभर असं भरत बसलं की संध्याकाळी मशीन काढून नुसतं भिंतीकडे बघत पडावंसं वाटतं. ते पडून राहणं आता आठवड्यातून एखाद्या दिवसावर आलंय. माझ्यासाठी पैसे तिथेच वसूल.

आता तक्रारी. माईक फक्त ज्याच्या गळ्यात आहे त्याचंच ऐकतो. मागच्या बाकावरून कोणी प्रश्न विचारला, की मला थेट उत्तर ऐकू येतं, प्रश्न नाहीच. सरांना दोनदा सांगितलं, आता ते प्रश्न परत म्हणून मग उत्तर देतात (आठवण राहिली तर). मॅडमचं ओळखपत्र माईकवर घासलं की कानात कोणी कागद चुरगाळतंय असं वाटतं. बॅटरी सहा तास सांगतात, पाचव्या तासाला मान टाकते. टेबलावर मधोमध ठेवायचा मोड आहे. चार जणांत चालतो, आठ जणांच्या गटचर्चेत नुसता गलका. आणि सगळ्यात चीड आणणारी गोष्ट: तो दुसऱ्या कंपनीच्या मशीनला सरळ जोडला जात नाही. घेण्याआधी स्वतःची मशीनं घेऊन ऑडिओलॉजिस्टकडे बसा आणि जोडून दाखवल्याशिवाय उठू नका.

जे डब्यावर लिहिलेलं नाही ते असं, की हा माईक रोज हातात घेऊन कोणाला तरी द्यावा लागतो. मशीन केसांखाली लपतं, हे लपत नाही. पहिले दोन आठवडे मी तास सुरू व्हायच्या आधी दाराशी घुटमळायचे आणि तसाच खिशात ठेवून आत जायचे. शेवटी एकदा म्हटलं, “सर, मला कमी ऐकू येतं, हा घालाल का?” सरांनी घातला आणि उलटा घातला. एवढंच झालं.

पहिल्या वर्षी कॉलेजात आवड-चाचणी झाली होती, मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी 1959 मध्ये मांडलेल्या व्यवसाय-सिद्धांतावर बेतलेली. लोकांशी बोलायला आवडेल का? नाही. गटात काम? नाही. सामाजिक रकान्यात भोपळा. समुपदेशकांनी आकडेमोडीचं, एकट्याने बसायचं काम सुचवलं आणि मीही खूश झाले. कागदावर ‘नको’ आणि ‘ऐकू येत नाही’ या दोन्हींसाठी चौकट एकच होती. मला संख्याशास्त्र आवडतंच, पण मी ते निवडलं तेव्हा आवड किती होती आणि पळ किती, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात सर्वेक्षण होतं. मी आकडे भरणार, प्रश्न मैत्रीण विचारणार, असं न बोलताच ठरलेलं. ती आजारी पडली. मी माईक हातात धरून समोरच्यापुढे केला. माणसं सावध व्हायची, रेकॉर्डिंग आहे असं वाटून. म्हणून एक वाक्य पाठ केलं: “यात काही साठत नाही, फक्त माझ्या कानात जातं.” एक आजी त्यावर माईकला तोंड लावूनच बोलायला लागल्या. माझा कान फुटायचा राहिला, पण चाळीस मिनिटं त्यांनी जे सांगितलं त्यातलं निम्मं आमच्या प्रश्नावलीत नव्हतंच. घरी येऊन प्रश्नावली बदलली.

आता सर्वेक्षणाच्याच नोकऱ्या शोधतेय. गेल्या महिन्यात एका मुलाखतीत तिघांच्या पॅनेलसमोर माईक टेबलावर ठेवला. त्यांच्यातल्या एकाने पुढची दहा मिनिटं माझ्याकडे न बघता माईककडे बघूनच प्रश्न विचारले. निकाल अजून यायचाय.

गटात हसू फुटलं आणि मी “काय झालं?” विचारलं की अजूनही “काही नाही गं, असंच” येतं. त्यावर हा माईक चालत नाही.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो क्लिपसाठी: सहाव्या महिन्यात तुटली, सुटी मिळत नाही, सध्या केसांच्या रबरने बांधलीय.