ड्रायसूटमध्ये लघवीची सोय: डायपर घ्यावे की पी-व्हॉल्व्ह बसवावा?

थंड पाण्यात डायव्हिंग करणारी स्त्री पहिला ड्रायसूट (पाणी आत येऊ न देता शरीर कोरडे ठेवणारा पोशाख) शिवून घेते तेव्हा मान, मनगटे, छाती, बूट अशी सगळी मापे घेतली जातात. पाण्याखाली लघवी लागली तर काय करायचे, हा प्रश्न मात्र बहुधा तिलाच काढावा लागतो. तारकर्लीला किंवा गोव्याच्या समुद्रात तो उद्भवत नाही, कारण तिथल्या उबदार पाण्यात वेटसूट पुरतो आणि तो आतून भिजलेलाच असतो. ब्रिटन, आइसलँड, नॉर्वे अशा देशांत राहून तिथल्या पाण्यात उतरणाऱ्या आपल्या मुलींना आणि महिलांना मात्र या प्रश्नाचा विचार सूटची ऑर्डर देण्यापूर्वीच केलेला बरा.

अनेकजणी निवडतात तो मार्ग, म्हणजे सकाळपासून पाणीच न पिणे, मी या तुलनेत धरलेला नाही, कारण तो धोक्याचा आहे. शरीर गळ्यापर्यंत पाण्यात गेले की पायांतले सुमारे ७०० मिलिलिटर रक्त छातीकडे सरकते, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात, शरीरात द्रव जास्त झाल्याचा संकेत मूत्रपिंडांना मिळतो आणि लघवी वेगाने तयार होऊ लागते. थंडीने त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकसल्या की त्यात आणखी भर पडते. म्हणजे पाणी न पिताही लघवी लागतेच, आणि वर शरीर कोरडे पडते. शरीरातले पाणी कमी होणे हे डिकंप्रेशन आजाराचा (वर येताना शरीरात वायूचे बुडबुडे होण्याचा) धोका वाढवणाऱ्या कारणांत गणले जाते. शिवाय मूत्राशय तुडुंब भरलेले असताना वर येताना घ्यायच्या थांब्यावर शांतपणे तरंगत राहणे आणि सिलिंडरमधल्या हवेच्या दाबाकडे नीट लक्ष देणे फार अवघड जाते.

डायपरची बाजू साधी आहे. सूटला भोक पाडावे लागत नाही, खर्च किरकोळ असतो, औषधांच्या दुकानात ते मिळते आणि बिघडण्यासारखे त्यात काही नसते. चिकटपट्टीच्या प्रकारापेक्षा चड्डीसारखे वर ओढायचे डायपर घ्यावे आणि त्यावर एक घट्ट लेगिंग घालावी, म्हणजे ते जागचे हलत नाही. डायव्हर पाण्यात पालथी, आडवी असते, त्यामुळे लघवी मागे न जाता पोटाकडे वाहते. म्हणून पुढच्या बाजूला जाड थर असलेले डायपरच निवडावे, आणि एकदम न करता थोडी थोडी करून मध्ये थांबावे, म्हणजे शोषून घ्यायला वेळ मिळतो. खरी मर्यादा पाण्याबाहेर आल्यावर कळते. भरलेले डायपर पाण्यात त्रास देत नाही, पण सिलिंडरांचे ओझे पाठीवर घेऊन बोटीची शिडी चढताना किंवा बाकावर बसताना ते दाबले जाते आणि ओल अंडरसूटमध्ये, म्हणजे ड्रायसूटखालच्या उबदार कपड्यांत, उतरते. ओला अंडरसूट ऊब धरत नाही, आणि दिवसाचे दुसरे डाइव्ह त्याच अंडरसूटमध्ये करायचे असते. प्रत्येक डाइव्हनंतर सूट उतरवून डायपर बदलण्यासाठी आडोसाही लागतो, आणि छोट्या बोटीवर तो असतोच असे नाही.

पी-व्हॉल्व्ह म्हणजे लघवी नळीवाटे सूटबाहेर सोडणारी, सूटच्या मांडीवर बसवलेली झडप. पुरुष कंडोमसारख्या पिशवीतून नळी तिला जोडतात. स्त्रियांसाठी सिलिकोनची मऊ वाटी असते आणि ती वैद्यकीय गोंदाने योनिमुखाभोवतीच्या त्वचेवर चिकटवतात. ‘शी-पी’ हे त्यातले परिचित नाव. वाटीची कड जिथे टेकते तिथले केस काढलेले असावे लागतात, त्वचा पूर्ण कोरडी हवी, गोंद थोडा सुकू द्यावा लागतो आणि मग कड बोटाने दाबत सगळीकडून बसवावी लागते. आरशाशिवाय हे पहिल्या काही वेळा जमत नाही. म्हणून पहिला प्रयोग घरी न्हाणीघरात करावा, तिथेच उभे राहून, वाकून आणि आडवे होऊन लघवी करून पाहावी. गळती बहुतेकदा वाटीपेक्षा नळीमुळे होते: अंडरसूट वर ओढताना नळी मुडपली की लघवीला वाट मिळत नाही आणि तिच्या दाबाने गोंद सुटतो.

व्हॉल्व्ह घ्यायचा तर ‘बॅलन्स्ड’ प्रकारचाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात नळीतला दाब सूटच्या आतल्या दाबाशी जुळता राहतो. साध्या व्हॉल्व्हमध्ये खाली उतरताना नळीतली हवा आकसते आणि नाजूक त्वचा ओढली जाते. स्वच्छतेतही हयगय चालत नाही. ऑस्ट्रेलियन डॉक्टर आणि गुहा-डायव्हर रिचर्ड हॅरिस यांनी २००९ मध्येच पी-व्हॉल्व्ह वापरणाऱ्यांमधील मूत्रमार्गाच्या संसर्गाबद्दल लिहून ठेवले आहे. प्रत्येक दिवसाअखेर नळी आणि व्हॉल्व्ह जंतुनाशकाने व नंतर गोड्या पाण्याने आतून धुवावेत. गोंदाने पुरळ येणाऱ्या त्वचेला हा मार्ग सोसत नाही, हेही आधी तपासावे.

आइसलँडच्या सिल्फ्रा भेगेत पाणी वर्षभर २ ते ४ अंश असते, पण थंडीमुळेच डाइव्ह अर्ध्या-पाऊण तासात संपते. त्यासाठी डायपर पुरेसे आहे. स्कॉटलंडमधील स्कापा फ्लोची गोष्ट निराळी. २१ जून १९१९ रोजी जर्मन नौदलाने तिथे स्वतःच बुडवलेल्या जहाजांपैकी क्योनिग, मार्कग्राफ आणि क्रोनप्रिन्झ विल्हेल्म या युद्धनौका चाळीस मीटरच्या आसपास खोलीवर आहेत. त्या नीट पाहून डिकंप्रेशनचे थांबे घेत वर यायला तासाहून अधिक वेळ लागू शकतो आणि दिवसात दोन डाइव्ह असे आठवडाभर चालते. अशा आठवड्यासाठी मी व्हॉल्व्हच सुचवीन: सकाळी चिकटवलेली वाटी दोन्ही डाइव्हना टिकू शकते, आणि मधल्या वेळी नळी झडपेपासून सोडवून तिच्यातूनच शौचालयात लघवी करता येते. मात्र आठवडाभर रोज गोंद लावल्याने त्वचा हुळहुळते, म्हणून एखाद्या हलक्या दिवशी डायपरवर भागवून तिला विश्रांती द्यावी.

मासिक पाळीत दोन्ही पर्याय चालतात. टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप वाटीच्या आड येत नाही, फक्त तो आधी घालून मगच वाटी चिकटवावी. आणि अजून निर्णय होत नसेल तर सूट व्हॉल्व्हशिवाय घ्यावा, कारण तो नंतरही बसवता येतो. बसवताना मात्र अंडरसूटसह सूट घालून, गुडघा वाकवून, नळी कुठे ताणत नाही ते पाहूनच मांडीवर खूण करायला सांगावी.