पागोळी कुठे पडते, त्यावर केमिकल ठरतं

कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात मी छपरं धुण्याची कामं घेतो. त्याआधी आंब्याच्या फवारणीची घ्यायचो, म्हणून पंप, नळ्या, मास्क आणि उंचावर न घाबरणारी दोन पोरं आधीपासून हाताशी होती. चाकरमानी गणपतीला गावी येतात, काळंशार पडलेलं कौलारू घर बघून हळहळतात आणि परत जाताना सांगून जातात, "दिवाळीपूर्वी करून टाक." माझा धंदा त्या हळहळीवर चालतो. तीन हंगामांत जी जी औषधं पदरचे पैसे घालून आणली, त्यांच्याबद्दल इथे लिहितोय. कंपन्यांची नावं देत नाही. कॅनवरचा कागद बदलतो, आतला माल तोच असतो. बघायचा तो टक्का.

सुरुवात हायपोपासून, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. पहिल्यांदा घ्यायला गेलो तेव्हा दुकानात फक्त "हायपो द्या" म्हटलं. माणसाने किलोभर पांढरे खडे बांधून दिले. घरी येऊन त्यातले थोडे पाण्यात विरघळवले, कौलावर मारले, शेवाळाला ढिम्म फरक नाही. फोटो स्टुडिओत आयुष्य काढलेल्या मामांनी खडे बघितले आणि हसत सुटले. फिल्म धुण्याच्या काळात फिक्सरला हायपोच म्हणायचे, तो सोडियम थायोसल्फेट. गंमत अशी की हा हायपो त्या हायपोचा वैरी आहे, क्लोरीन मारायलाच तो वापरतात. उरलेले खडे मी टाकले नाहीत. पुढे त्यांचा उपयोग झाला, तो येईलच.

खरा हायपो पातळ, पिवळसर हिरवा, ३५ किंवा ५० किलोच्या कॅनमध्ये येतो. दुकानदार १२ टक्के सांगतो. माझं छप्पराचं प्रमाण ३ टक्क्यांचं: एक भाग हायपो, तीन भाग पाणी. १६ लिटरच्या पंपात ४ लिटर हायपो आणि १२ लिटर पाणी, आधी पाणी, मग हायपो. हे प्रमाण मी अमेरिकेतल्या लोकांकडून उचललं. तिथे डांबरी शिंगलच्या छपरांवर काळे ओघळ उठतात, ते ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाच्या सूक्ष्म जिवाचे. तिथल्या छप्पर बनवणाऱ्यांच्या संघटनेचा सल्ला असा की घरगुती ब्लीच आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, १५ ते २० मिनिटं राहू द्या, कमी दाबाने धुवा. घरगुती ब्लीच पाच-सहा टक्क्यांचं धरलं तर निम्मं म्हणजे तीनच्या आसपास. आपलं छप्पर वेगळं, शेवाळ वेगळं, पण कौलावर हा आकडा लागू पडतो. वीस मिनिटांत काळ्याचं तपकिरी आणि तपकिरीचं लाल होताना डोळ्यांना दिसतं. गिऱ्हाईक खळ्यात उभं राहून बघत असेल तर याच्यासारखी जाहिरात नाही.

मग लोकांची तक्रार काय असते? "हायपो मारला, काही झालं नाही." होणार कसं? एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला हायपो बसल्या जागी मरतो. मी मोजून बघितलंय. ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक विहिरीचं पाणी तपासतात ती ओटी चाचणीची पेटी घेतली, पाण्यातला क्लोरीन रंगावरून दाखवणारी. १ मिली हायपो लिटरभर स्वच्छ बाटलीबंद पाण्यात, त्यातले १० मिली परत दुसऱ्या लिटरभर पाण्यात, म्हणजे लाखपट पातळ. १२ टक्क्यांच्या मालाला पेटीत १.२ च्या जवळचा रंग यायला हवा. आणल्या दिवशी तसा आला. तोच कॅन शेडमध्ये ठेवून पाच-सहा आठवड्यांनी बघितला तर रंग ०.६ च्या आसपास. म्हणजे मी एकास तीन मारत होतो आणि कौलावर पडत होतं दीड टक्का. बिचाऱ्या शेवाळाचा काय दोष!

तेव्हापासून माझे नियम असे. मोठा साठा नाही, कामापुरते दोन कॅन. दुकानदाराला विचारायचं, हायपोचा टँकर कधी आला. त्याला सांगता आलं नाही तर दुसरं दुकान. आणि माल आला की त्याच दिवशी तेवढंच स्वच्छ पाणी घालून सहा टक्क्यांवर आणून ठेवायचा (मग पंपात एकास तीन नाही, एकास एक), कारण दाट हायपो पातळ हायपोपेक्षा खूप वेगाने उतरतो. कॅन सावलीत, झाकण हवा निसटेल असं. पंपाचं पितळी नोझल पहिल्याच हंगामात हिरवं होऊन गेलं, आता प्लास्टिकचं लावतो. आंब्याच्या फवारणीचा जुना पंप मात्र या कामाला घेऊ नका. आत कसलं औषध उरलंय ते देवालाच ठाऊक.

कौल उतरतं असतं, त्यामुळे नुसतं पाणी घसरून जातं. चिकटून राहावं म्हणून थोडा साबण लागतो. इथे फिनेल-लिक्विड सोप बनवणाऱ्यांच्या दुकानात गेलात की तो स्वस्तातली अ‍ॅसिड स्लरी पुढे करेल. ती घेऊ नका. नावातच अ‍ॅसिड आहे, आणि हायपोत अ‍ॅसिड गेलं की क्लोरीन वायू सुटतो. एसएलईएस नावाचा जेल मिळतो, तो पंपाला दोन चमचे पुरतो. तोही त्याच दिवशी मिसळायचा.

वायूवरून आठवलं. पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाच्या हट्टापायी माथ्यावरच्या सिमेंटच्या सांध्यांसाठी संडासचं अ‍ॅसिड आणलं होतं. आमच्या पोराने ते हायपोच्या न धुतलेल्या बादलीत ओतलं. पिवळट वाफ आली आणि तो खोकत शिडीवरून जवळजवळ पडलाच. वाऱ्याची जागा होती म्हणून निभावलं. अ‍ॅसिडला माझ्याकडून शून्य. शेवाळ वरवर जातं, सिमेंटचे सांधे खातं, आणि खाली चिऱ्याची भिंत असेल तर जांभ्यातलं लोखंड विरघळून पिवळे ओघळ येतात. ते ओघळ काढायला अजून मला काही सापडलेलं नाही.

आता तुळशीची गोष्ट. दुसऱ्या हंगामात एका काकींचं घर धुतलं. कौलं सुरेख निघाली, पैसे मिळाले. चार दिवसांनी फोन: "झिला, ह्यां काय केलंस? माझी तुळस जाळलंस रे तू!" जाऊन बघतो तर वृंदावनातली तुळस तपकिरी होऊन उभी. छपराचा पश्चिमेचा उतार आणि त्याची पागोळी बरोब्बर वृंदावनाच्या कडेला. मी वर काय आहे ते तासभर बघितलं होतं, खाली काय आहे ते बघितलंच नव्हतं. नवी तुळस लावून दिली, काकींनी चहाही पाजला, पण डोळे बोलत होते.

तेव्हापासून माझी पाहणी खालून सुरू होते. घराला फेरी मारायची आणि प्रत्येक पागोळीखाली काय आहे ते बघायचं: अबोली, केळ, नागवेल, गोठा, विहीर, माशांची टाकी. झाडं असतील तर आधी पाण्याने चिंब करायची, कारण भिजलेली माती आणि पानं औषध कमी शोषतात. काम चालू असताना एक जण खाली पाण्याची नळी धरून उभा. आणि शेवटी बादलीभर पाण्यात चमचाभर ते पांढरे खडे, मामांचा हायपो, झाडांच्या बुंध्याशी. उरलेला क्लोरीन तिथेच मरतो. ते खडे अजून पुरतायत. चुकून घेतलेल्या वस्तूला पाचपैकी पाच देण्याची माझी ही पहिलीच वेळ.

गोठ्यावर हायपो मी मारत नाही. पागोळी गोमूत्राच्या पन्हळीत गेली तर अमोनियाशी मिळून घुसमटवणारा वायू होतो, आणि जनावराला दावं सोडून पळता येत नाही.

मग गोठ्यावर काय? बीकेसी, बेंझाल्कोनियम क्लोराइड. हे जंतुनाशक मला कोळंबी प्रकल्पवाल्यांना औषधं देणाऱ्या दुकानात सापडलं. ५० टक्क्यांचं घेतो. २ टक्के करायला १६ लिटरच्या पंपात ६४० मिली. मारायचं आणि विसरायचं, धुवायचं नाही. वास नाही, कपड्याला डाग नाही, पत्र्याच्या स्क्रूला गंज नाही. दोष एकच, आणि तो धंद्याच्या दृष्टीने मोठा: लगेच काही दिसत नाही. शेवाळ दोन-तीन आठवड्यांनी पिवळं पडतं, पुढच्या पावसात हळूहळू गळतं. कौलावरचे पांढरे गोल ठिपके, म्हणजे मसाल्यातल्या दगडफुलाचेच भाऊबंद, ते तर कित्येक महिने घेतात. एका गिऱ्हाइकाने आठव्या दिवशी फोन करून "पाणीच मारलंत की काय" असं विचारलं. आता मी आधीच सांगतो आणि निम्मे पैसे पाऊस पडून गेल्यावर घेतो. किंमत हायपोच्या कितीतरी पट, पण धुण्याची मजुरी वाचते आणि माझ्या अनुभवात शेवाळही उशिरा परततं. गोठ्यावर मारलं तरी गुरं बाहेर काढून आणि गव्हाणी झाकूनच.

बीकेसीत भांड्यांचा साबण घालू नका, दोघं एकमेकांना निकामी करतात. हे कळायला माझा एक पूर्ण पंप वाया गेला. दुसरं, मासे. कोळंबीच्या तळ्यात ते दशलक्ष भागांत एखादा भाग या मापाने घालतात; आपण फवारतो ते २ टक्के, म्हणजे दशलक्षात वीस हजार. ओहोळ, तळं किंवा पन्हळ सोडलेली विहीर जवळ असेल तर बीकेसी नाही. तिथे हलका दीड टक्का हायपो, पन्हळीला पाइप जोडून पाणी पिंपात, आणि सावकाश धुणं.

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, गावात सहज मिळते, म्हणून अनेक जण तीच वापरतात. पोत्यात ती हायपोपेक्षा टिकते हे खरं. पण तिच्यातला चुना खाली बसतो, नोझल तुंबतं आणि लाल कौलावर पांढरे पट्टे उठतात. रात्रभर निवळून, फडक्यातून गाळून स्लॅबवर मारायला ठीक. कौलावर नको.

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, तोही करून पाहिला. सुपारीवाले कोळेरोगाला पावसाआधी बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, मारतात, तर छपरावर का नको, असं एका बागायतदाराने सुचवलं. शेवाळ गेलं, कौलावर निळसर झाक राहिली. जस्ताच्या पत्र्यावर तर बिलकूल नको, तांबं बसलं की जस्त झपाट्याने खातं. एक निरीक्षण मात्र या नादात लक्षात आलं: कौलारू छपरात मध्येच जस्ताचा पत्रा बसवलेला असेल तर त्याच्या खालच्या ओळीत कौलं लालभडक राहतात. पावसागणिक थोडं थोडं जस्त उतरतं आणि शेवाळाला जमू देत नाही. नव्या घरवाल्यांना मी माथ्याखाली जस्ताची पट्टी घालायला सांगतो. माझ्या पोटावर पाय येतो, पण ते पुढच्या घराचं काम देतात.

तयार "रूफ क्लीनर"च्या बाटल्या ऑनलाइन दोन मागवल्या. एकीवर टक्काच नव्हता, फक्त "अ‍ॅडव्हान्स्ड फॉर्म्युला". दुसरीत पाच टक्के बीकेसी, म्हणजे ५० टक्क्यांच्या मालात मी स्वतः नऊ भाग पाणी घालून तेच केलं असतं. परत मागवणार नाही.

भिंतींवरचा भगवा थर लोक गंज समजतात आणि अ‍ॅसिड मागतात. ते बहुधा ट्रेंटेपोहलिया नावाचं शेवाळच असतं, हिरव्या कुळातलं पण रंगाने नारिंगी. २००१ साली केरळात लाल पाऊस पडला तो याच्याच बीजाणूंचा निघाला. एक टक्का हायपो पुरतो.

सिमेंट-अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे मी घेत नाही. घासलं की तंतू सुटतात, आणि ते छातीत जातात. प्रेशर वॉशरही मंगलोरी कौलावर नाही. १८६५ साली बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात कारखाना काढला तेव्हापासूनची कौलं आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यातलं एक फुटलं तर त्याच्या खाचेत बसणारं जोडीदार शोधायला जुन्या घरांच्या मोडीत फिरावं लागतं.

या हंगामाची खरेदी लिहून ठेवतो: हायपोचे दोन कॅन, टँकर आल्याच्या आठवड्यात. बीकेसी पाच लिटर. एसएलईएस एक किलो. गॉगल तीन, कारण जुन्यांच्या काचा अंधुक झाल्यात. आणि काकींनी यंदाही बोलावलंय, पश्चिमेच्या उतारासाठी प्लास्टिकचा मोठा ताडपत्री कागद.