एजंटच्या हाती सेटिंग: दर वेळी मंजुरी, की फक्त वाचण्याचा अधिकार?

अंधेरी-पवईच्या ऑफिसांमध्ये एआय एजंट (स्वतःहून कामं करणारे एआय प्रोग्राम) आता सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनला, म्हणजे सेटिंगना, हात घालू लागलेत. त्यांना आवरायचे मुख्य मार्ग दोन.

पहिला म्हणजे बदल करणारं टूल द्यायचं, पण दर वेळी माणसाची मंजुरी घ्यायला लावायची. सुरू करायला सोपं, कामही झटपट. अडचण माणसाची आहे. विरार फास्ट गाठायच्या घाईतला इंजिनिअर आठवी-दहावी विनंती न वाचताच मंजूर करतो. टाइमआउट (उत्तराची वाट पाहायची मर्यादा) ३० चा ३०० झाला की ३, हे त्या छोट्या चौकटीत सहज निसटतं.

दुसरा म्हणजे ते टूल द्यायचंच नाही. कुबरनेटिसमध्ये (सर्व्हरवरची ॲप्स चालवणारी प्रणाली) एजंटच्या सर्व्हिस अकाउंटला, म्हणजे त्याच्या खात्याला, गेट, लिस्ट, वॉच (वाचणं, यादी पाहणं, बदलांवर नजर ठेवणं) एवढेच अधिकार. पॅच, अपडेट, डिलीट (बदलणं, पुसणं) नाहीत. सीक्रेट्सवर (पासवर्डसारखी गुप्त माहिती) तर लिस्टसुद्धा नको, कारण यादी मागितली तरी आतला मजकूर हाती येतो. बदल हवा असेल तर एजंटने गिटवर (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली) पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा प्रस्ताव टाकावा, माणसाने वाचून तो मर्ज करावा, म्हणजे मूळ फाइलीत घ्यावा. वेळ जातो, मान्य. पण जुनं-नवं शेजारी शेजारी दिसतं आणि नोंदही राहते.

मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलमध्ये (एआयला टूल जोडायची ठरलेली पद्धत) टूलवर 'फक्त वाचन' अशी खूण करता येते. तिच्या भरवशावर राहू नका. ती नुसती सूचना असते, टूल पुरवणारा सर्व्हर चुकीचीही देऊ शकतो. खरी अडवणूक अधिकारांच्या पातळीवरच होते.

म्हणून प्रॉडक्शनसाठी (प्रत्यक्ष वापरात असलेली यंत्रणा) मी दुसराच मार्ग घेईन. टेस्टिंगला पहिला चालेल. फक्त एजंटला स्वतःच्या परवानग्यांची फाइल बदलता येत नाही ना, हे आधी तपासा.