ठाण्यातल्या एसईओवाल्यांचा (वेबसाइट गुगलवर नीट दिसावी म्हणून काम करणाऱ्यांचा) अनुभव: पाचपैकी दोन स्टार

नौपाड्यात आमचं मसाल्यांचं छोटं दुकान, सोबत वेबसाइट. गोडा मसाल्याचं पान एकच पण वजन निवडा, किंमतीप्रमाणे लावा की लिंकमध्ये प्रश्नचिन्हापुढे शेपूट वाढतं आणि गुगलला वाटतं ही सगळी वेगळी पानं. हे निस्तरायला स्टेशनजवळच्या एका एजन्सीला काम दिलं (नाव नको, रोज समोरून जातो). माणसं गोड, चहा मस्त. पण साहेब म्हणे गुगलच्या पॅरामीटर टूलमधून (लिंकांच्या अशा शेपटांचं काय करायचं ते गुगलला सांगायची सोय) करतो, अहो ते टूल गुगलने २०२२ सालीच बंद केलंय! मग त्यांनी रोबोट्स फाइलमध्ये (गुगलने कुठल्या लिंका वाचू नयेत ते सांगणारी साइटवरची फाइल) प्रश्नचिन्हाच्या सगळ्या लिंका अडवल्या, वर त्याच पानांवर कॅनॉनिकल टॅगही (मूळ पान कुठलं ते गुगलला सांगणारी खूण) टाकला, आता दारच लावलंत तर गुगल आत येऊन टॅग वाचणार कसा? शेवटी भाच्याने अडवणूक काढली, कॅनॉनिकल मूळ पानाकडे ठेवला आणि साइटमधल्या लिंका शेपटाशिवाय केल्या. सर्च कन्सोलमध्ये (गुगलला आपली साइट कशी दिसते ते दाखवणारं गुगलचंच टूल) डुप्लिकेट हळूहळू कमी होतायत, गुगल कॅनॉनिकल ऐकेलच असं नाही म्हणा, तो नुसता इशारा असतो. दोन स्टार दिले ते फोन उचलतात म्हणून. बिलावर मात्र जीएसटी न विसरता लावला.