पेरी मिनिएचर्सचा ‘वॉर्स ऑफ द रोझेस’ इन्फंट्री बॉक्स: घ्यावा का?

मायकल आणि ॲलन पेरी, इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमचे जुळे भाऊ, यांनी गेम्स वर्कशॉपमध्ये (वॉरहॅमर हा छोट्या पुतळ्यांचा युद्धखेळ काढणारी कंपनी) ३० हून जास्त वर्षं पुतळे घडवले आणि २०१४ ला तिथून बाहेर पडले. लॉर्ड ऑफ द रिंग्जची मॉडेल्स ज्यांनी रंगवलीत त्यांनी यांचं काम हातात धरलंच असणार, नाव माहीत नसेल एवढंच. निवृत्ती म्हणावं तर यांची स्वतःची कंपनी, पेरी मिनिएचर्स, आधीपासून चालूच होती म्हणा!

तर हा बॉक्स. वॉर्स ऑफ द रोझेस म्हणजे पंधराव्या शतकातलं इंग्लंडचं गृहयुद्ध, त्यातलं हे पायदळ. २८ मिमीचे ४० प्लॅस्टिक सैनिक, धनुष्यवाले आणि बिलवाले (बिल म्हणजे लांब दांड्याचा कोयता समजा), सोबत झेंड्यांचा छापील कागद. डोकी नि हात सुटे, त्यामुळे कुठलेही दोन सैनिक सारखे दिसायची गरज नाही, मी तीन संध्याकाळी नुसता कापत नि चिकटवत बसलो, बायको म्हणाली पोरांचं होमवर्क आहे का हे. अंगावरच्या जाड शिवलेल्या जॅकेटच्या घड्या तर बघतच राहाव्यात, पातळ वॉश (खाचांत उतरणारा पाण्यासारखा रंग) मारला की आपोआप उठून येतात.

एक लक्षात घ्या, मनगटं, भाले सगळं खऱ्या माणसाच्या मापात, बारीक. वॉरहॅमरच्या धिप्पाड गड्यांशेजारी हे उपाशी वाटतात, मिक्स करू नका.

आणि हो, मायकलचा उजवा हात १९९६ ला तोफेच्या अपघातात गेला, नंतर तो डाव्या हाताने शिल्पं करायला शिकला. मी दोन हातांनी साधं धनुष्य सरळ चिकटवू शकलो नाही. कुरिअरवाल्याने कस्टमचे पैसे वेगळे घेतले, ते धरून बजेट करा. मी दुसरा बॉक्स मागवलाय.