पॉम्पेईची अर्ध्या दिवसाची सहल: देवळाला पाच तारे, तत्त्वज्ञानाला दोन

माणशी 65 युरो, आत जायचं तिकीट वेगळं. विषय छापलेला: ‘प्राचीन रोमचे धर्म, तत्त्वज्ञान आणि समाज’. मुलगा म्हणाला, आई, एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलास, ही सहल तुझ्यासाठीच काढलेली दिसतेय. जालन्याहून इथवर आलेच होते, म्हटलं चला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशा सहली काढणाऱ्या तिथे पुष्कळ आहेत आणि मी अनुभवली ती एकच.

पॉम्पेई म्हणजे इटलीत नेपल्सजवळ, इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर. आधी कामाचं. नेपल्सहून लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत पोचतो. तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट जवळ ठेवा. रस्ते लाव्हाच्या दगडांचे, वर-खाली. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी, मी नेली नाही आणि भोगलं. पाण्याचे नळ आत आहेत, बाटली भरून घ्या. कानात घालायला देतात ते यंत्र माझं पहिल्यापासून खरखरत होतं. बदलून मागितलं तर ‘जास्तीचं नाही’. मग मी सबंध वेळ गाईडच्या कोपराशी चालले, आणि त्यात माझा फायदाच झाला.

गाईड पन्नाशीचा, नेपल्सचाच, पुरातत्त्व शिकलेला. चौकातलं ज्युपिटर-जुनो-मिनर्व्हाचं देऊळ त्याने पाच मिनिटांत उरकलं. सरकारी देव, म्हणाला, इथे मत मागायला यायचे, मन मोकळं करायला नाही. मन मोकळं करायचं ठिकाण नाट्यगृहाच्या मागे आहे: इसिसचं देऊळ. (नावावर जाऊ नका, ही इजिप्तची देवी.) देऊळ लहानसंच, उंच जोत्यावर, भोवती ओवरी. आवारात एक छोटी खोली आहे, तिथून पायऱ्या खाली उतरतात, पूजेच्या पाण्यासाठी. ते पाणी नाइलचं म्हणून पवित्र मानायचे. आपल्याकडे देवघरात गंगेचा गडू असतो, तशातलंच.

इथे गाईड चाळीस मिनिटं थांबला आणि माझे पैसे इथेच फिटले. इसवी सन 62 च्या भूकंपात हे देऊळ कोसळलं. दारावरचा लेख सांगतो की ते पायापासून पुन्हा बांधलं नुमेरियुस पोपिदियुस केल्सिनुस याने, स्वतःच्या पैशाने. आणि त्याच्या औदार्यावर खूश होऊन नगरसभेने त्याला सभासद करून घेतलं, तेव्हा त्याचं वय होतं सहा वर्षं.

सहा! आमच्यातल्या एकाला वाटलं चुकीचं ऐकलं, म्हणून त्याने पुन्हा विचारलं. पैसा अर्थातच बापाचा. बाप आंप्लियातुस हा मुक्त झालेला गुलाम. पोपिदियुस हे नावही मालकाच्या घराण्याचं, सुटताना अंगाला लागलेलं. गुलाम सुटला की नागरिक व्हायचा, धंदा करायचा, गब्बर व्हायचा, पण नगरसभेत बसायची मुभा त्याला नाही. मुलगा मात्र स्वतंत्र जन्मलेला, त्याला दार उघडं. म्हणून देऊळ पोराच्या नावे. लेखात ‘ग्रातिस’ असा शब्द आहे, म्हणजे प्रवेशाची रक्कम न घेता. फुकट कसलं, अख्खं देऊळ बांधून दिलं की!

देवळाच्या मागच्या भिंतीत एक कोनाडा आहे, त्यात बाकस या मद्याच्या देवाची मूर्ती होती. तिच्यावर मात्र बापाने स्वतःचं नाव घातलं. कोनाड्याच्या दोन्ही बाजूंना चुन्याच्या गिलाव्यात कान घडवले होते, देव ऐकतोय हे कळावं म्हणून. शेजारच्या दालनाच्या फरशीत नवरा, बायको आणि मुलगा, तिघांची नावं बसवलेली होती. सून म्हणाली, आई, आपल्याकडच्या संगमरवरी लाद्यांसारखंच की. मला आमच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळातला पंखा आठवला. त्याच्या तिन्ही पात्यांवर देणगीदाराचं नाव आहे, फिरताना वाचता येत नाही.

पुढे वेत्तींचं घर. वीसेक वर्षं दुरुस्तीसाठी बंद होतं, 2023 मध्ये उघडलं. मालक दोघे, तेही मुक्त गुलाम. दारातच प्रियापस हा सुफलतेचा देव आपलं नको ते तराजूत तोलतोय, दुसऱ्या पारड्यात पैशांची थैली. सूनबाई छताकडे बघायला लागल्या, मी मात्र नीट पाहिलं, आता वय झालं. पण मला धरून ठेवलं ते स्वयंपाकघराशेजारच्या देवघराने. मधे घरधन्याचा रक्षक देव, डोक्यावरून पदर घेतल्यासारखा टोगा (रोमन पुरुषांचं अंगावर गुंडाळायचं वस्त्र), दोन्हीकडे नाचणारे लारेस, म्हणजे घर राखणारे देव, आणि खाली नैवेद्याकडे सरपटत जाणारा एक मोठा नाग. नागपंचमीला माझी आई भिंतीवर काढायची तो पातळ असायचा, हा चांगला पोसलेला आहे.

मी विचारलं, या चुलीवर रांधायचं कोण? ‘गुलाम’, म्हणाला आणि पुढे निघाला. माझी मोठी तक्रार हीच. सबंध सहलीत वर चढलेल्यांच्याच गोष्टी. जे कधी सुटलेच नाहीत त्यांच्याबद्दल एक शब्द नाही. गावाबाहेर चिविता जुलियानात 2021 मध्ये गुलामांची एक खोली सापडली: 16 चौरस मीटर, तीन बाजा, त्यातली एक जेमतेम 1.40 मीटरची, बहुधा मुलाची. ते ठिकाण सहलीत नसेना का, निदान सांगावं तरी. तेही वय सहाच्या आसपासचंच असेल.

तत्त्वज्ञान उपाहारगृहात उरकलं, घड्याळी सात मिनिटं. शेजारच्या हर्क्युलेनियममध्ये, म्हणजे त्याच ज्वालामुखीखाली गेलेल्या गावात, जळून कोळसा झालेल्या पपायरसच्या पोथ्यांच्या सुमारे 1,800 गुंडाळ्या सापडल्या, बऱ्याचशा ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या पंथातल्या फिलोदेमुसच्या. देव आहेत पण त्यांना आपलं सोयरसुतक नाही, आणि मृत्यू येतो तेव्हा आपण नसतो, मग भ्यायचं कशाला, इथवर छान रंगलं आणि वेळ संपली. स्टोइकांचं, म्हणजे त्या काळच्या दुसऱ्या मोठ्या पंथाचं, नावही निघालं नाही. माझं सँडविच अर्धं राहिलं ते वेगळंच.

वेशीबाहेरची थडगी पत्रकात होती, तीही गाळली. आम्ही तिघं आपणहून गेलो. नेवोलेया तिखे नावाच्या मुक्त दासीने स्वतःसाठी, मुनातियुस फाउस्तुससाठी (बहुधा तिचा नवरा) आणि आपण सोडलेल्या दास-दासींसाठी बांधलेलं थडगं जरूर पाहा. एका बाजूला गलबत, दुसऱ्या बाजूला फाउस्तुसला मिळालेलं मानाचं आसन. दोघांच्या रुंदीचं, बसायचं एकट्याने.

निघताना गाईड म्हणाला, तुमची लक्ष्मी नेपल्सच्या संग्रहालयात आहे. 1938 मध्ये इथे सापडलेली हस्तिदंती बाई, वीतभराहून थोडी मोठी. म्हटलं, आता तिला यक्षी मानतात, आणि तिच्यासारखी हस्तिदंती मूर्ती आमच्या जालना जिल्ह्यात भोकरदनच्या उत्खननात मिळाली आहे, 1973 साली. त्याने फोन काढून भोकरदनची स्पेलिंग विचारली. एक तारा त्यासाठी वाढवला.

संग्रहालयाची जोडसहल मात्र घेऊ नका. मंगळवार सोडून आपले आपण जा. इसिसच्या दालनात तो मूळ लेख आहे. मी हवेतच बोट फिरवत शेवटून दुसऱ्या शब्दापर्यंत गेले. ‘ग्रातिस’. पहारेकऱ्याने खाकरून मागे व्हायला सांगितलं.