साथीत तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन : इंदूरला की परळला?

बायोप्सीत गालाच्या आतला कॅन्सर निघाला, आणि नेमकी कोरोनासारखी साथ सुरू आहे. इंदूरच्या मराठी घरांत अशा वेळी पहिलं नाव निघतं ते मुंबईत परळला असलेल्या टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलचं : संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेस पकडायची, सकाळी परळ. हा विश्वास उगाच नाही. २०२० च्या कडक लॉकडाऊनमध्येही, २३ मार्च ते ३० एप्रिल, तिथे कॅन्सरची ४९४ नियोजित ऑपरेशनं झाली. त्याच सुमारास देशभरच्या ४१ केंद्रांत मोठी ऑपरेशनं आदल्या वर्षीपेक्षा ४९ टक्क्यांनी घटली होती.

‘साथ ओसरल्यावर बघू’ हा तिसरा पर्याय इथे मोजूच नका. पाळी गेलेल्या बाईच्या हार्मोन-पॉझिटिव्ह स्तनाच्या कॅन्सरमध्ये लेट्रोझोल या हार्मोन रोखणाऱ्या गोळीवर काही महिने काढता येतात, थायरॉइडचा पॅपिलरी कॅन्सरही बहुधा थांबतो. तोंडाचा थांबत नाही. गाठ जबड्याच्या मागच्या स्नायूंत शिरली की तोंड उघडेनासं होतं. गुटख्यामुळे ते आधीच कमी उघडत असेल, म्हणून आज उभी किती बोटं आत जातात ते लिहून ठेवा. तीनाची दोन झाली तर त्याच दिवशी सर्जनला कळवा. ऑपरेशन चार आठवडे लांबलं तर मृत्यूचा धोका साधारण ६ ते ८ टक्क्यांनी वाढतो, असं २०२० मध्ये अनेक कॅन्सरच्या आकडेवारीतून दिसलं.

मग मुंबई की इंदूर? सर्जनच्या हाताचा अनुभव मुंबईत जास्त, हे मान्यच. पण कोरोनाकाळात आमच्या घरात पारडं फिरलं ते आरटीपीसीआरच्या ७२ तासांनी : स्वॅबवरच्या या कोरोना टेस्टचा रिपोर्ट तेव्हा तेवढेच तास चालायचा. हे तास मोजायचे ते स्वॅब घेतल्यापासून, रिपोर्ट आल्यापासून नव्हे. इंदूरला स्वॅब दिला, दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, रात्रभर प्रवास झाला, की निम्म्याहून जास्त मुदत संपायची. भरती करताना तिथे पुन्हा टेस्ट व्हायची. पेशंट पॉझिटिव्ह निघाला तर तारीख जाते आणि विलगीकरण परक्या शहरातल्या लॉजवर. सोबतचा पॉझिटिव्ह निघाला तर नाकातल्या नळीतून दर दोन-तीन तासांनी फीड द्यायला माणूस कुठून आणणार? कोरोनाच्या संसर्गानंतर ऑपरेशनला शक्यतो सात आठवडे थांबावं असं २०२१ मध्ये सांगत. गाठ आक्रमक असेल तर टीम धोका तोलून आधीही घ्यायची. तो विचार चालू असताना पेशंट स्वतःच्या घरी असलेला बरा, आणि तारीखही इथे एका फोनवर पुढेमागे होते.

तरी काही केसेस मुंबईच्याच. जबड्याचं हाड कापून पायाच्या फिब्युला या हाडानं नवा जबडा करायचा असेल, किंवा आधी झालेल्या ऑपरेशनच्या जागी आजार परतला असेल, तर प्रवासाचा त्रास सोसावा. इथल्या टीममध्ये फ्री फ्लॅप (शरीराच्या दुसऱ्या भागातला तुकडा रक्तवाहिन्यांसह आणून जोडणं) नेहमी करणारे प्लास्टिक सर्जन आहेत का, आणि ऑपरेशनच्या रात्री आयसीयूचा बेड खरंच राखून ठेवला आहे का, हे दोन प्रश्न तोंडावर विचारा. साथीत तो बेड आदल्या संध्याकाळी जातो. रक्ताचंही तसंच : शिबिरं बंद पडतात, तेव्हा दोन रक्तदाते घरातूनच तयार ठेवा.

बाकीच्यांनी मत मुंबईचं घ्यावं आणि ऑपरेशन इंदूरला करावं, असं मला वाटतं. टाटा मेमोरियलशी जोडलेल्या ‘नव्या’ या सेवेवर रिपोर्ट अपलोड करून लेखी मत मिळतं, प्रवास नाही. बायोप्सीच्या स्लाइड्स आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) लॅबमधून आत्ताच मागून घ्या. कर्फ्यू लागला की लॅबचं काउंटर बंद असू शकतं. सीटीची फिल्म पुरत नाही, सीडी घ्या.

इंदूरकडे झुकायचं आणखी एक कारण पुढच्या उपचाराचं, तो रोज घरून जाऊन घेता येतो. ऑपरेशननंतरच्या फायनल रिपोर्टमध्ये गळ्यातल्या गाठींत कॅन्सर निघाला की बहुतेकदा रेडिएशन लागतं : ३० सिटिंग्ज, आठवड्यातले पाच दिवस, आणि सुरुवात ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत. खराब दात रेडिएशनच्या आधी काढावे लागतात, म्हणून ते त्याच ऑपरेशनमध्ये काढायला सर्जनला आधीच सांगून ठेवा. नंतर काढले तर हिरडी भरण्यात दोन-तीन आठवडे जातात, आणि ते या सहामधूनच वजा होतात.